बाईंनी एकदाच विचारलं

"नाटकं पुरे झाली, ऊठ," दाभाडे सर म्हणाले आणि माझ्या अंगावरचं पांघरूण त्यांनी ओढून बाजूला टाकलं.

मला उठायचंच होतं हो. पण पापण्या वर जाईनात. पहाटे पोटात कळ आली म्हणून जाग आली होती, तेव्हा अजून बोलता येत होतं. शेजारच्या शेवंतीला हलवून मी सांगितलं, की पोट दुखतंय गं. ती म्हणाली, काल आमटी दोनदा घेतलीस, आता भोग. मग प्रार्थनेची घंटा झाली, मुली आपापल्या वळकट्या गुंडाळून गेल्या, आणि मी उठायला गेले तर मान वर होईना.

"आज गणिताचा पेपर आहे, नाही का? म्हणून पोट दुखतंय," सर म्हणाले. "असल्या पोटदुख्या मी पुष्कळ पाहिल्यात."

मला म्हणायचं होतं, सर, गणितात मी वर्गात पहिली येते, पेपर चुकवायचाच तर तुमचा इतिहासाचा चुकवीन. तोंडातून नुसतं अं अं निघालं. लाळ गिळायला गेले तर तीही घशाखाली जाईना, गालावरून ओघळली. तेव्हा मात्र मी घाबरले.

मी तेव्हा सहावीत होते. आमची आश्रमशाळा गुजरातच्या हद्दीलगतच्या डोंगरात होती. पाड्यापाड्यांतल्या आम्ही पोरी तिथंच राहायचो, तिथंच शिकायचो आणि लांबलचक खोलीत जमिनीवर ओळीनं झोपायचो. दाभाडे सर आमचे अधीक्षक, म्हणजे वसतिगृहाचा सगळा कारभार त्यांच्याकडे. आता मी एसटीत कंडक्टर आहे. दिवसभर घसा ताणून माणसं पुढं सरकवते, सुट्ट्या पैशांवरून भांडते, आमचे ड्रायव्हर म्हणतात, भोयेबाई, तुमच्या आवाजापुढं गाडीचा हॉर्न काय कामाचा. त्यांना काय माहीत, एके काळी माझ्या तोंडून एक अक्षर निघत नव्हतं आणि त्यापायी माझा जीव चालला होता.

"सरका बाजूला," असं कुणीतरी म्हणालं आणि मला हायसं वाटलं. रणनवरेबाई आल्या होत्या.

रणनवरेबाई आम्हाला शास्त्र आणि गणित शिकवायच्या. नगरकडच्या, ख्रिस्ती, एकट्या. त्याआधी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात अर्धं आयुष्य नर्स होत्या. ती नोकरी मुदतीआधीच सोडून, निवृत्ती घेऊन त्या आमच्या रानात आल्या होत्या. का आल्या ते कुणाला ठाऊक नव्हतं. नवऱ्यानं टाकलं असणार, असं आम्ही पोरी कुजबुजायचो. नवरा नव्हताच मुळी. कुणावर कधी हात उगारायच्या नाहीत, पण बोलायच्या असं की त्यापेक्षा चार छड्या बऱ्या. मला त्या आवडायच्या. का ते विचारू नका, पण आवडायच्या.

त्यांनी बोटानं माझी पापणी उचलली. त्यांचा चेहरा दिसला, पण एकाचे दोन दिसले.

"मंजे, जीभ बाहेर काढ."

जीभ दातांच्या पुढं येईना.

"माझा हात दाब. जोरात दाब. दाबतेयस का?"

मी दाबत होते. निदान मला तरी तसं वाटत होतं. बाईंनी पापणी सोडली आणि अंधार झाला. त्यानंतर किती तरी दिवस मी काही पाहिलं नाही. पुढचं जे सांगतेय ते ऐकलेलं आहे.

"साप चावलाय हिला," बाई म्हणाल्या. "गाडी काढायला सांगा."

"साप?" दाभाडे सर म्हणाले. "बाई, ओरडली नाही, रडली नाही. सूज नाही, रक्त नाही. खूण तरी दाखवा मला."

"मण्याराची खूण दिसत नाही. झोपेत चावला तर माणसाला कळतही नाही. मुली खाली झोपतात, तो उबेला येतो. सर, वाद नंतर घालू. गाडी."

गाडी म्हणजे संस्थेची जुनी जीप. ती एरवी अध्यक्ष आले की चालायची. चिंधूमामा ड्रायव्हर. त्यांनी मला उचललं, मागच्या बाकावर ठेवलं, माझं डोकं बाईंच्या मांडीवर. दाभाडे सर पुढं बसले. यायचं काही अडलं नव्हतं त्यांचं, पण जबाबदारी त्यांची होती ना. शेवंती दारात उभी राहून रडत होती, मी तिला बोलले म्हणून असं झालं, मी तिला बोलले म्हणून. बिचारीला सांगावंसं वाटलं, की नाही गं. पण सांगू कशानं?

आमच्याकडचा रस्ता तेव्हा रस्ता म्हणायच्या लायकीचा नव्हता. जीप आदळली की माझं डोकं बाईंच्या मांडीवरून घरंगळायचं आणि त्या परत धरायच्या. श्वास घेताना आधी छाती पुरती भरेना. मग अर्धीच भरायला लागली. मग थोडीशी. बुडणारा माणूस निदान हातपाय तरी मारतो. मला करंगळीसुद्धा हलवता येत नव्हती. डोकं मात्र लख्ख चालू होतं, हे सगळ्यात वाईट. आई आठवली. आईनं दिवाळीला शिवलेलं पोलकं पेटीत तसंच होतं, घालायचं राहिलं होतं, ते आठवलं. आणि मग श्वास थांबला.

"मंजे," बाई म्हणाल्या. "मंजे गं. अगं ए."

माझं नाक चिमटीत धरलं गेलं, तोंडावर तोंड आलं आणि छातीत वारा शिरला. लवंगेचा वास होता त्याला. दाढ दुखते म्हणून बाई सदा लवंग चघळायच्या. वारा बाहेर गेला. परत आला. आणखी एकदा आला. मला जगातली कुठली गोष्ट तेवढी गोड लागली नाही.

"चिंधू," दोन फुंकरांच्या मधे बाई म्हणाल्या, "कुठंही थांबायचं नाही."

जीप पळत राहिली. बाई फुंकत राहिल्या. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. खड्डा आला की त्यांचे दात माझ्या ओठांवर आपटायचे. मधेच खोकला यायचा त्यांना, तेवढा वेळ मला वारा मिळायचा नाही आणि मी आतल्या आत तडफडायचे. फुंका ना बाई, फुंका ना.

"बाई," दाभाडे सर पुढून म्हणाले, "ती गेली हो."

"नाही."

"अहो अंग बघा तिचं. मान बघा. मेलेल्या माणसाला काय फुंकता?"

"नाडी आहे."

"तुमचा जीव तिच्यात आहे म्हणून तुम्हाला तसं वाटतंय," सर म्हणाले, आणि मागं वळून त्यांनी माझ्या तोंडावरून चादर ओढली.

माझ्याच वळकटीतली चादर ती, साबणाचा वास येत होता. ती तोंडावर आली आणि मला कळलं, की मेल्यावर असं असतं तर. मी ओरडत होते. घशात, छातीत, पोटात, सगळीकडे ओरडत होते. बाईंनी चादर खस्सकन ओढून फेकली आणि सरांना अशी काही शिवी हासडली की ती मी अजून कुणाला सांगितलेली नाही. शाळेत त्या 'मूर्ख' शब्दाच्या पुढं कधी गेल्या नव्हत्या.

मग गाडीचा वेग कमी झाला, आणि बाहेरून माणसांचा गलका ऐकू यायला लागला. तिठ्याचा आठवड्याचा बाजार. तिथून एक रस्ता तालुक्याला जातो, एक आमच्या पाड्याकडे.

"चिंधू, गाडी बाजूला घे," दाभाडे सर म्हणाले. "हिचा बाप बाजाराला आलेला असणार. त्याच्या ताब्यात देऊ. शाळेत मेली, दवाखान्यात मेली, हे काही मला नको. दवाखान्यात नेली की पोलीस आले, पंचनामा आला, पोस्टमार्टेम आलं. त्या गरिबाला फाडलेली पोर द्यायची का? त्यापेक्षा अशीच घरी जाऊ दे."

आता लोक म्हणतील, काय कसाई माणूस. कसाई नव्हते ते. भित्रे होते. आमच्या तिकडं आश्रमशाळांमधून हे चालायचंच. पोर फार आजारी पडलं की पालकांना बोलवून हातात द्यायचं, म्हणजे पुढचं काय ते घरी होईल. सर तेच करत होते. त्यांच्या लेखी ते माझ्या बापावर उपकारच होते.

गाडी थांबली. सर उतरले. बाईंना उतरून भांडता येत नव्हतं, तोंड मला दिलेलं होतं. त्या फुंकत होत्या आणि मधे मधे "चिंधू, चल. चिंधू, चल ना रे," म्हणत होत्या. चिंधूमामा "सर उतरलेत बाई, सर उतरलेत," एवढंच म्हणत होते.

मग कोंबड्यांचा फडफडाट ऐकू आला, आणि माझा बा बोलला.

"कुठंय?"

बा त्या दिवशी दोन कोंबड्या विकायला घेऊन आला होता. पाय बांधून हातात उलट्या धरलेल्या तशाच घेऊन तो जीपशी आला. मला कोंबड्यांचा वास आला, बाच्या तंबाखूचा वास आला. मला वाटलं, आता सुटले. बाला कळेल. बाला न कळून कसं चालेल.

तंबाखूचा वास आणखी जवळ आला. मग म्हणाला, "बाई, माझी पोर मला द्या."

"जिवंत आहे," बाई म्हणाल्या.

"सर म्हणतात गेली."

"सरांना... कळत नाही. इकडं हात द्या."

त्यांनी बाचं बोट धरून माझ्या गळ्यावर ठेवलं. बाचं बोट मी ओळखलं. नांगराच्या रुमण्यानं घट्टे पडलेलं.

"लागतंय का? ठोके लागतायत का?"

"मला नाही कळत बाई," बा म्हणाला. "माझी बोटं जाड आहेत. मला काहीच लागत नाही. बाई, पोरीला द्या मला. आई तोंड बघंल तिचं. तिकडं नेऊन फाडतील तिला, मी आईला काय दाखवू?"

त्यानं माझ्या पाठीखाली हात घातला. मला उचलू लागला. लहानपणी झोपलेली असताना उचलायचा ना, तसंच. बाईंचं तोंड माझ्या तोंडावरून निघालं आणि वारा बंद झाला. मी मनात म्हटलं, बा, तूच मारतोयस मला. तुझ्या हातानं. मरताना माणसाला राग येतो हे मला त्या दिवशी कळलं. मला बाचा इतका राग आला होता की काय सांगू.

बाईंनी बाचं मनगट धरलं असणार, कारण तो थांबला. त्यांनी मला परत खाली ओढलं, एक फुंकर घातली आणि बोलायला लागल्या. दोन शब्द, मग फुंकर, मग दोन शब्द. मी सलग सांगते, तसं ते सलग नव्हतं.

"भोये, ऐका. माझ्या वॉर्डात एक मुलगा आला होता. हिच्याएवढाच. अशाच मिटलेल्या पापण्या, असंच गळालेलं अंग. आम्ही रबरी फुगा दाबून त्याला श्वास देत होतो. मग मोठ्या साहेबांनी बॅटरी मारून डोळे बघितले आणि म्हणाले, बाहुल्या फाकल्यात, संपलं, सोडा. मी सोडलं. नाडी चालू होती भोये, आणि मी फुगा काढून घेतला. त्याची आई पायाशी उभी होती. तिला मीच सांगितलं, गेला तो, तोंड बघून घ्या. त्याच्या तोंडावर चादर मी ओढली. दुसरा पेशंट थांबला होता म्हणून पलंग रिकामा करा असं मी ओरडून सांगितलं. पुढं एक नवे डॉक्टर आले. ते म्हणाले, मण्याराच्या विषानं बाहुल्या फाकतातच. त्यावरून मेला असं म्हणायचं नसतं. श्वास देत राहायचं, माणूस परत येतो. तो जिवंत होता. मी मारला त्याला. म्हणून सोडली मी नोकरी."

बाजारात कुणीतरी मिरच्यांचा भाव ओरडत होतं.

"एवढंच बरं," बाई म्हणाल्या, "की त्याला काही कळलं नाही. झोपेतल्यासारखा गेला. तेवढ्या एका गोष्टीवर मी दिवस काढते. आता हिला सोडून मी जगू शकणार नाही. तुम्हाला पोर हवी तर आधी मला खाली ओढा."

"भोये, भावनेच्या भरात जाऊ नका," दाभाडे सर म्हणाले. "मी सांगतो ते—"

"तुम्ही गप बसा सर," बा म्हणाला. माझा बा. साध्या तलाठ्यापुढंसुद्धा पायातल्या वहाणा काढून उभा राहणारा.

मग जीप एका अंगाला दबली. कोंबड्या खाली पत्र्यावर आपटल्या आणि कलकलाट करायला लागल्या. बा आत चढला होता. त्यानं माझे पाय मांडीवर घेतले.

"फुंका बाई," तो म्हणाला. "मी धरतो पोरीला. चिंधू, हाण गाडी."

दाभाडे सर मागंच राहिले. म्हणे, शाळेत कळवायला थांबतो. त्या तिठ्यावर फोन तर सोडाच, धड पोस्टाची पेटी नव्हती. जाऊ द्या.

पुढच्या रस्त्यात बाई थकल्या. फुंकर लहान लहान होत गेली. त्यांच्या ओठांतून रक्त येत होतं, मला त्याची खारट चव लागायची. शेवटी त्या बाला म्हणाल्या, "आता तुम्ही. मी दम खाते. नाक धरा असं, आणि फुंका."

बानं फुंकलं. असं फुंकलं की माझ्या कानात दडे बसले.

"चूल पेटवताय का? हळू. छाती वर आली की थांबायचं."

मग लवंगेचा वास गेला आणि तंबाखूचा आला. बा फुंकायचा, बाई गळ्यावर बोट ठेवून "आहे, नाडी आहे," म्हणायच्या. बाचे अश्रू माझ्या गालावर पडायचे आणि कानात जायचे. मला ते पुसताही येत नव्हते. माझा त्याच्यावरचा राग कुठं गेला मला कळलंच नाही. असे आळीपाळीनं फुंकत त्या दोघांनी मला तालुक्याच्या दवाखान्यात पोचवलं.

तिथले डॉक्टर तरुण होते, पण हुशार. बाईंनी मण्यार म्हणताच त्यांनी उलट प्रश्न केला नाही. सलाईन लावलं, सापावरचं औषध सोडलं, घशात नळी घातली आणि बाईंच्या हातात रबरी फुगा दिला. तो दाबला की मला श्वास मिळायचा. जिल्ह्याला श्वासाचं मशीन होतं, तिकडं न्यायला गाडी बोलावली. फुगा दाबायला बाईंनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

बा पलंगाशेजारी उकिडवा बसून हुंदके देत होता. "वाचंल का हो? मरंल का?" एवढंच चाललं होतं त्याचं.

"बाबा," डॉक्टर त्याला म्हणाले, "हिच्यासमोर असलं बोलू नका. या विषानं अंग लुळं पडतं, शुद्ध जात नाही. हिला ऐकू येत असेल."

फुगा दाबता दाबता बाईंनी विचारलं, "काय येत असेल?"

"ऐकू. माझा एक पेशंट बरा झाल्यावर सांगत होता, सिस्टर. म्हणाला, मी मेलो असं तुम्ही म्हणालात तेव्हा मी ऐकत होतो. शब्दन् शब्द सांगितला त्यानं. आता सगळ्यांचंच तसं असेल असं नाही. पण आपण जपून बोलावं."

श्वास आला नाही.

बाईंचा हात थांबला होता. मी वाट पाहिली. छाती जळायला लागली. एका श्वासाची वेळ गेली, दुसऱ्याचीही गेली.

"बाई," बा ओरडला. "बाई, फुगा."

मग श्वास आला. पण आधीसारखा एका लयीत नाही, तुटक तुटक. त्या वेळी मला कळलं नाही, की बाईंना झालं काय.

जिल्ह्याच्या दवाखान्यात मला मशीनवर ठेवलं. एक दिवस पायाचा अंगठा हलला. मग बोटं हलली, मग डोळे उघडले. डोळे उघडल्यावर पहिल्यांदा बाई दिसल्या आणि मी त्यांना ओळखलंच नाही. ओठांवर खपल्या, डोळे खोल गेलेले, अंबाडा सुटून केसांच्या झिपऱ्या झालेल्या. बा सांगायचा, जेवत नाहीत, झोपत नाहीत, पोर वाचली तरी हसत नाहीत. येणाऱ्या नर्सवर एकदाही खेकसल्या नाहीत. मी त्यांच्याकडे पाहिलं की त्या खिडकीबाहेर पाहायच्या.

नळी निघाली. दोन दिवसांनी घशातून आवाज आला. बेडकासारखा होता, पण माझा होता. बाला तर नाचू का गाऊ असं झालं. तो आईला निरोप धाडायला बाहेर पळाला. खोलीत बाई आणि मी, दोघीच. दुपारची वेळ होती.

"मंजे," बाई म्हणाल्या.

"जी बाई."

"जीपमधलं तुला काय आठवतं?"

मला किती सांगायचं होतं म्हणून सांगू. आतल्या आत साठून साठून माझं पोट फुगलं होतं. दाभाडे सरांची चादर, कोंबड्या, बाची जाड बोटं, तुम्ही दिलेली शिवी. पोरांना असतं ना, मोठ्यांच्या गोष्टी आपण ऐकल्या याची फुशारकी मारायची. तसंच. मी तोंड उघडलंसुद्धा.

"तुला ऐकू येत होतं का गं?" बाईंनी विचारलं. "आम्ही बोलत होतो ते? खरं सांग."

त्यांनी पलंगाची दांडी धरली होती. ती दांडी वाजत होती. आणि मला एकदम ती फुग्यासाठी वाट पाहिलेली घटका आठवली. शब्दन् शब्द सांगितला त्यानं, असं डॉक्टर म्हणाले आणि बाईंचा हात थांबला, ती. त्या माझं विचारत नव्हत्या. वॉर्डातल्या त्या पोराचं विचारत होत्या. तोंडावर चादर आल्यावर त्याला काय वाटलं, पलंग रिकामा करा असं त्या ओरडल्या ते त्यानं ऐकलं का, ते.

चादरीखाली काय वाटतं ते मला माहीत होतं. त्या खोलीत मला एकटीलाच माहीत होतं.

"नाही बाई," मी म्हणाले.

"काहीच नाही?"

"काहीच नाही. मला तर शाळेतलंच शेवटचं आठवतं. तुम्ही जीभ काढ म्हणालात ते. मग एकदम इथंच जाग आली."

"मधे काही वाटलं नाही तुला? भीती? त्रास?"

"नाही हो बाई. झोपल्यासारखं झालं."

"झोपल्यासारखं," बाई म्हणाल्या.

"हो. गाढ."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. वर्गात खोटं बोललेलं त्यांना चटकन कळायचं, त्यामुळं माझं धाबं दणाणलं होतं. पण त्या दिवशी त्यांना कळलं नाही, की कळून घ्यायचं नव्हतं, देव जाणे. त्या खाली जमिनीवर बसल्या, माझ्या पलंगाच्या कडेला डोकं टेकलं आणि रडल्या. बाया मयताला रडतात तशा, मोठ्यानं. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मग तिथंच बसल्या बसल्या त्यांना झोप लागली. बा आला तर मी त्याला खुणेनं गप केलं.

शाळेत परत गेल्यावर दाभाडे सरांनी पेढे वाटले. प्रार्थनेला सगळ्यांसमोर म्हणाले, आपण वेळेवर गाडी काढली म्हणून ही मुलगी वाचली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मला तर काही ऐकूच आलं नव्हतं. मी पेढा खाल्ला.

बाईंनी त्यानंतर आणखी पुष्कळ वर्षं शिकवलं. मुलींसाठी लोखंडी खाटा आल्याशिवाय वर्गात पाय ठेवणार नाही म्हणून हटून बसल्या, आणि खाटा आणवल्या. माझी दहावी करून घेतली, एसटीचा फॉर्म भरायला लावला. तो प्रश्न परत कधी विचारला नाही. गेल्या महिन्यात वारल्या, नगरला, भाच्याकडे. चर्चमध्ये त्यांच्या आठवणी सांगायला मला उभं केलं तर मी खाटांचं सांगून खाली बसले.

आता त्या नाहीत, म्हणून हे बोलतेय. इतकी वर्षं कुणालाच सांगता आलं नाही. बालाही नाही. बा दर वर्षी शेतातली नागली घेऊन बाईंच्या पाया पडायला जायचा. त्याच्या पोटात काही राहायचं नाही, तो बाईंना सांगितल्याशिवाय राहिला नसता. आणि बा मरेपर्यंत भेटेल त्याला एकच सांगत राहिला, की पोर वाचवली ती बाईंनी, मी करंटा, मी तर जिवंत पोरीला मढं म्हणून घरी न्यायला निघालो होतो. माझ्या लग्नात मांडवातसुद्धा तेच सांगून रडला.

मी शेजारी बसून ऐकायचे. मला म्हणायचं असायचं, बा, तू सरांना गप बस म्हणालास ते मी ऐकलं. तू गाडीत चढलास, माझे पाय मांडीवर घेतलेस. बाईंचा दम संपला तेव्हा तू फुंकत होतास बा, तुझा श्वास होता माझ्या छातीत. म्हणायचं असायचं, आणि मी म्हणायचे, "जाऊ दे ना बा. मला त्यातलं काय माहीत?"